डावा पंख

रवि. १२ जाने. ९७
सकाळी नऊपासून गॅरेजात. विमानाच्या डाव्या पंखाचा वरचा पत्रा. उजवा पंख दिवाळीआधी पुरा झाला, तो भिंतीला टांगलाय, त्याच्याखालून वाकून जावं लागतं. हे वरून रिव्हेटगन चालवतात. मी खाली सतरंजीवर उताणी, पंखाच्या आतल्या फासळीच्या भोकातून हात आत घालून डॉली दाबून धरते. माझे हात बारीक, म्हणून हे काम माझं. शाळेत पाटीलबाईंनी विचारलं होतं, डॉली म्हणजे बाहुली का? म्हटलं, बाहुली कसली, लोखंडाचा ठोकळा. वरून गनचा मार बसतो, खालून ठोकळ्याचा आधार, मधल्या मधे रिव्हेटची शेपटी चेपते. ठोकळा तिरका झाला की रिव्हेट वाकडं आणि ह्यांचं तोंडही.
कामात बोलत नाहीत. हात पुढे करून नुसतं 'दे' म्हणतात. कानस हवी का पत्राकात्री, ते मी ओळखायचं. आज एकदाही चुकले नाही.
संध्याकाळी कोपरापर्यंत मुंग्या. तवा धरवेना. पिठलं-भात.

गुरु. २३ जाने.
पारूबाई दिवाळे गावाहून बोंबील घेऊन आली. पाटी उतरवायच्या आधी गॅरेजात डोकावणार, ठरलेलं. "काय गो ताय, तुमचा इमान कवा उरनार?" हे म्हणाले, पुढच्या वर्षी, पहिली तुला बसवतो. ती म्हणाली, मना नको, माजी पान्यातली होरीच बरी.
सोसायटीचे सेक्रेटरी गावडे येऊन गेले. गनच्या आवाजाने त्यांच्या आईची दुपारची झोप मोडते. रास्त आहे. चार ते सात वेळ ठरली.
विमानाचे खोके न्हावाशेवा बंदरातून आले त्याला चार वर्षं होतील. कंपनीने टूलरूम बंद केली, ह्यांनी व्हीआरएस घेतली, आणि धाकट्या भावजींनी अमेरिकेहून हे किट पाठवलं. लग्नाआधी हे पुण्याला ग्लायडर शिकले होते, तेवढ्यावर. मला वाटलेलं, खोके तसेच पडून राहतील.

मंगळ. ४ फेब्रु. वाशी, हॉस्पिटल
काल संध्याकाळी. गन मधेच थांबली. मला वाटलं हवा संपली, कॉम्प्रेसर भरत असेल. खालूनच म्हटलं, अहो, चालू द्या. उत्तर नाही. हात फासळीत, घाईत निघेना, सोलवटला. बाहेर आले तर हे स्टुलावर बसलेले, गन मांडीवर, तोंड एका बाजूला ओघळलेलं. माझ्याकडे बघत होते. ओळखत होते.
गावडेंनी त्यांच्या मारुतीतून आणलं. मागच्या सीटवर ह्यांचं डोकं गावडेंच्या आईच्या मांडीवर, म्हातारी पुटपुटत होती काहीतरी.
मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली. बोलण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू.

सोम. १७ फेब्रु.
घरी आणलं. जिना नाही चढता येणार, पलंग खाली हॉलमध्ये. गॅरेजचं दार हॉलमधूनच, ते मी ओढून घेतलं.
एकच शब्द निघतो. 'दे.' पाणी हवं, दे. पंखा बंद करायचा, दे. मी दिसले नाही की, दे. डॉक्टर म्हणतात असं होतं, एखादा शब्द शिल्लक राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. ऐकून घेतलं. पाणी दिलं तर पितात.
रजा वाढवली. पाटीलबाई माझे वर्ग घेतायत.

रवि. ९ मार्च
मंदार बंगलोरहून आला, दोन दिवसांसाठी. बापाला आंघोळ घातली, दाढी केली. छान केलं सगळं. मग गॅरेजात जाऊन बराच वेळ उभा राहिला.
बाहेर येऊन म्हणाला, आई, आता हे कोणासाठी? बाबांना कुठला डॉक्टर फिट म्हणणार आहे, आणि तुला तर टेरेसच्या कठड्याशीसुद्धा चक्कर येते. बोलण्यात चूक काहीच नाही. तरी राग आला.
ह्यांच्याजवळ बसला, हात हातात घेऊन विचारलं, "बाबा, विमान देऊन टाकू या?"
"दे."
मंदारला रडू आलं. म्हणाला, बघ, ते स्वतःच म्हणतायत. मी भाजी चिरत होते. दुसरं काय म्हणू शकले असते ते? पण हे पोराला कसं सांगू, आधीच तो रडतोय.

मंगळ. ८ एप्रिल, पाडवा
गुढी लहानच उभारली, बाल्कनीतून. ह्यांना हॉलच्या खिडकीतून दिसेल अशी.
दुपारी गॅरेज उघडलं. त्या संध्याकाळनंतर मी पहिल्यांदाच. गन जमिनीवर तशीच. कानशींना गंज, शेगड्याचा, म्हणजे व्हाइसचा, स्क्रू फिरेना. एकेक हत्यार पुसून तेलाचा हात दिला. कुठलं कुठे टांगायचं ते मला डोळे मिटूनही माहीत आहे, हे आज कळलं.
पाटीलबाई परवा म्हणाल्या, सुटलात एका कटकटीतून. सगळे तेच समजतात. विमानाचं मला कधीच काही नव्हतं. अजून नाही. पण लग्न झाल्यापासून ह्यांच्या तीन शिफ्टा आणि माझी शाळा. हे आले की मी निघालेली. आल्यावर ताट वाढून ठेवलेलं. एकमेकांशी बोलायचो ते दूधवाला, लाइटचं बिल, मंदारची फी. मग ह्या चार वर्षांत रोज संध्याकाळी एका जागी, एका कामात. बोलत नव्हतोच, तरी.
ते गेलं. विमानाचं काय ते होईल.

रवि. ११ मे
सुट्टी लागली. मनात होतं ते केलं. गावडे आणि त्यांचा वॉचमन, दोघांनी हात लावला, पंख लाकडी घोड्यांवरून उतरवून कडेवर उभा केला. व्हीलचेअर त्याला लावून. आतल्या बाजूला हे, डाव्या हातात डॉली. बाहेरून मी, गन घेऊन. गन आजवर हातात धरली नव्हती. जड आहे, आणि उडते.
पहिलं रिव्हेट घसरलं. दुसऱ्याला गन सरकली, पत्र्यावर नखाएवढी चंद्रकोर. तिसरं बसलं. चौथं ह्यांच्या बाजूने चेपलंच नाही, डाव्या हातात तेवढा जोर नाही. बरी म्हणावीत अशी थोडीच.
ह्यांच्या कपाळावर घाम होता. दुखतंय का विचारलं. दे, म्हणाले. पुढचं रिव्हेट लावलं.

बुध. २१ मे
आठवडाभर हेच. रोज वाटायचं, उद्या जमेल. उद्या आजच्याहून वाईट. मी वाकडी रिव्हेटं काढायला गेले तर ड्रिल सरकून भोकं मोठी झाली. त्यांत जाड रिव्हेटं घातली. जाड असली की जास्त मार लागतो. आज मार देताना आतून वेगळा आवाज आला. फासळी वाकली.
ह्यांना माझ्याआधी कळलं. डॉली सोडून दिली हातातून, पायावर पडली. अंगठा काळानिळा झाला, तो पाय उजवा, कळ लागलीच नाही. कळ लागली नाही ह्याचंच मला रडू आलं. हे माझ्याकडे न बघता पंखाकडे बघत राहिले. मग भिंतीकडच्या उजव्या पंखाकडे. तो त्यांनी केलेला.
बर्फ लावला. गॅरेज बंद केलं.

शनि. १२ जुलै
दमट हवेने पत्र्यावर पांढरी बुरशी धरावी तसे डाग. दोनदा पुसले, परत येतात.
भावजींचा फोन. त्यांनी नाशिककडे एक माणूस शोधलाय, कॅप्टन बर्वे, रिटायर्ड पायलट. स्वतःची शेड आहे. सगळं नेऊन पुरं करेल आणि उडवेलही. भावजी म्हणाले, वहिनी, सडण्यापेक्षा बरं. मी म्हटलं, ह्यांना विचारते.
विचारलं. "बर्वेंना द्यायचं का?"
"दे."
पदर नीट केला, समोर बसले, परत विचारलं. "की ठेवायचं आपल्याकडे?"
"दे."
म्हणजे मलाच ठरवायचंय. भावजींना हो कळवलं.

रवि. २४ ऑगस्ट
कॅप्टन बर्वे आले. साठीचे, उंच, कमी बोलणारे. आधी ह्यांच्याजवळ बसले. डावा हात पुढे केला, ह्यांना सोयीचा. हे मला आवडलं.
मग खिशातून टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा काढून सगळं विमान तपासलं. मधला सांगाडा. शेपूट. उजवा पंख. उजव्या पंखापाशी थांबून म्हणाले, फार सुंदर काम आहे. ह्यांचा चेहरा उजळला, अर्धाच उजळतो आता.
डाव्यापाशी मीच म्हटलं, शेवटचा भाग नीट बघा, तिथे बिघडलंय. त्यांनी आरसा आत घातला, बराच वेळ बघितलं.
"हे कोणी केलं?"
मी बोलायच्या आत ह्यांनी डावा हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. मी म्हटलं, "दोघांनी."
बर्वेंनी आरसा पुसून खिशात ठेवला. मग खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसून सांगितलं, मला सांगितलं नाही, ह्यांना. "हा पंख मी नेणार नाही. ह्याच्या भरवशावर मला वर जायचंय." नवीन पंखाचे पत्रे भावजींकडून मागवतील, बाकी सगळं नेतील.
बरोबरच आहे. चहा घेतला त्यांनी, पोहे नको म्हणाले.

रवि. १४ सप्टें.
कळंबोलीहून ट्रक आला. तळाला गाद्या घातल्या, मंदारच्या लहानपणची पण. सांगाडा, शेपूट, उजवा पंख, मग कॉम्प्रेसर, गन, डॉल्या, शेगडा, कानशी, पेट्या. ह्यांची खुर्ची दारात. समोरून वस्तू जाईल तसं हे म्हणत होते, दे. ड्रायव्हरला वाटलं मालक हुकूम देतायत, तो दर वेळी म्हणे, हाँ बाबूजी, सँभाल के. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.
ट्रक निघाला तेव्हा पारूबाई पाटी घेऊन कोपऱ्यावर. बाजूला झाली, बघत राहिली. म्हणाली, "गेला का गो?" म्हटलं, गेला. "मानूस हाय ना घरान? मंग." पापलेट देऊन गेली, घेच म्हणाली.
माणूस आहे घरात. तिचं खरं आहे. पण संध्याकाळी चारला हे गॅरेजच्या दाराकडे बघायला लागतात आणि सातपर्यंत बघत असतात, त्याचं मी काय करू?
गॅरेज केवढं मोठं वाटलं. मधोमध डावा पंख, कडेवर उभा. जुना हात-ड्रिल कपाटामागे राहून गेला. मुद्दाम नाही.

शुक्र. १९ सप्टें.
गावडे चौकशी करून गेले, गॅरेजचं काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात तिथे गाडी लावायचं असेल, असू दे, त्यांनी खूप केलंय.
मंदारने फोनवरून तुर्भ्याचा भंगारवाला ठरवला. तो आज बघून गेला. पंखाला टिचकी मारली, माल चांगला आहे म्हणाला. दारातून अख्खा घेऊन जाणार का विचारलं. "अख्खा कशाला मॅडम? कुऱ्हाड आणतो, इथंच तुकडे करू." पुढच्या रविवारी येणार. ह्यांनी ऐकलं. संध्याकाळी जेवले नाहीत, दोन घास भरवले ते ओघळले.
मंदारला कळवलं नाही. काय कळवायचं?

शनि. २७ सप्टें.
शाळेतून आल्यावर ह्यांना खुर्चीत घालून गॅरेजात नेलं. दोघंच. हात-ड्रिलने वाकडी रिव्हेटं काढायला घेतली. दांडा फिरवायचा, घाई नाही, आवाजही नाही. मे महिन्यात हे सुचलं नव्हतं. आधी खिळ्याने मध्यावर खूण, मग हळू. काही भोकं साफ सुटली, काही मोठी झाली, काही तर मे महिन्यातच गेलेली. प्रत्येक भोक झालं की हे डाव्या अंगठ्याने कड चाचपून बघत होते. एकदा अंगठा कापला. थांबले नाहीत.
कशासाठी चाललंय हे ह्यांनी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हे विमान होणार नाही. नाशिकला दुसरा पंख बनेल, तो इथे कोणाला दिसणार नाही.
एक रांग सुटली. पत्रा थोडा मोकळा झाला, आत हात जायला लागला. वाकलेली फासळी दिसली. हाताने दाबून पाहिली, हलत नाही. सरळ होईल असं वाटत नाही. ह्यांना दाखवली. खूप वेळ बघितलं, मग मान हलवली. हो का नाही, कळलं नाही, मान आता एकाच बाजूला जाते.
सातला ह्यांना आत घेतलं. हात धुवेपर्यंत मंदारचा फोन. उद्या सकाळी भंगारवाला येणार ना, म्हणाला. म्हटलं, हो. पंख बाहेर काढून ठेवलास का? म्हटलं, नाही. का नाही, ते त्याने विचारलं नाही.