जमलं तर

ताई,

तू म्हणशील, "तुझं आपलं काहीतरीच!" म्हणून तर पत्र लिहूनही पेटीत टाकवत नाही.

निवृत्त झाल्यापासून हे इटालियनच्या क्लासला जातात. 'जमलं तर मी अमुक करीन' असं त्या भाषेत कसं म्हणायचं, ते सध्या चाललंय. रोज दाढी करताना आरशासमोर वाक्यं घोटतात. उच्चार असे की कान झाकून घ्यावेत! लग्नाआधी मी हॉटेलात परदेशी पाहुण्यांचे फोन घ्यायचे, मला ती भाषा कळते, हे यांच्या गावीही नाही. कधी विचारलंच नाही.

पहिल्यांदा ऐकलं ते, "वेंदेरेई इल पियानो." जमलं तर पियानो विकून टाकीन. मला हसू आलं. आठवड्यात पियानो गेला. मग, कुत्रा कुणाला तरी देऊन टाकीन. तोही गेला बिचारा, शेपूट हलवत. दोन्ही माझेच होते गं.

परवा शीळ थांबवून म्हणाले, "वीव्रेई दा सोलो." जमलं तर एकटा राहीन.

मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने दारात गेले. "काय हो अर्थ याचा?"

गालावरचा फेस पुसत म्हणाले, "तुझ्या हातचा चहा प्यायला आवडेल."

मी चहा करून दिला.

आज आपणहून शेजारी येऊन बसले. इतक्या मायेने कधी बोलले नव्हते. म्हणाले, "अगं, तुझा एकटीचा एखादा चांगला फोटो आहे का? फ्रेम आणून ठेवलीय मी."

तुझी,
धाकटी