तिसरी पोत

अप्पा, आपण नेपाळातून निघालो तो दिवस मला अजून आठवतो, आणि आठवताना काही वाटत नाही. आधी राग यायचा, आता तोही येत नाही. वडगावच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी तुमच्या खुर्चीवर बसतो आणि तो दिवस आपोआप सुरू होतो.

त्याच्या महिनाभर आधी मी कॉलेज सोडलं होतं. गारगोटीची एक पोरगी माझ्या मनात होती. वर्गातला एकजण तिच्यावरून काहीतरी बोलला, मी त्याचा दात पाडला. प्रिन्सिपॉल माफी माग म्हणाले, मी म्हणालो मागत न्हाय, आणि वळकटी उचलून कोल्हापुरातून घरी आलो. भांडण कुणावरून ते तुमच्या कानावर आलं होतं, तरी तुम्ही हात उगारला नाही. "दात त्याचा पडला, वरीस तुझं गेलं," एवढंच म्हणालात. त्याच आठवड्यात नेसरीचा मामा आला. बाहेरच्या सोप्यात मांडी घालून म्हणाला, "पोरगं रिकामंच हाय न्हवं दाजी, मग आमच्या पोरीचं उरकून टाकू की." तुम्ही हसलात आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. नाही म्हणाला नाहीत. आपल्यात मामाची पोरगी म्हणजे धरलेलीच असते, त्यात कुणी पोराला विचारत नाही. मग काशी आणि पशुपतिनाथ करून येऊ असं निघालं. मी समजलो, मला गारगोटीपासून, म्हणजे तिच्यापासून, लांब न्यायचा हा बेत आहे.

तर सकाळची वेळ. सीमेच्या कमानीअलीकडं ट्रकांची रांग लागलीय आणि आपली भाड्याची जीप तिच्यात अडकलीय. आई म्हणते, "डोंगार बघून डोळं निवलं बाई. पन दोन्ही वक्ताला भातच. भाकरीबिगर ही माणसं जगत्यात कशी?" धाकटी फुगून बसलीय. "ह्यो कसला परदेश? शिक्का न्हाय, इमान न्हाय. मैत्रिणींस्नी काय सांगू?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणता, "माणसं मातर मऊ बोलत्यात. आपल्यागत वरडत न्हाईत." ड्रायव्हर म्हणतो, "मग ऱ्हावा की अप्पा हितंच. दुकान टाका." "नगं बाबा. माझा आवाज ऐकून गिऱ्हाईक पळंल." सगळे हसतात. मग तुम्ही माझ्याकडं वळता. "तू काय बघितलंस रं?"

"काय न्हाय."

खरं तेच होतं. देवळाच्या पायऱ्यांवरची गार फरशी आठवते, घाटावरचा धूर आठवतो. आणि एक टेलिफोन बूथ. तिथून मी गारगोटीला फोन लावला, तिच्या भावानं उचलला, मी ठेवून दिला. माझं नेपाळ तेवढंच.

रांग हलेना म्हणून तुम्ही खाली उतरलात. रस्त्याकडेला एक बाई गळ्यात घालायच्या काचमण्यांच्या पोती विकत होती. तुम्ही तीन घेतल्यात. ती म्हणाली, "दो बेटी है?" तुम्ही तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, "एक बेटी. एक बहू का." हिरवी आईला दिलीत, पिवळी धाकटीला. लाल कागदात गुंडाळून खिशात ठेवायला लागलात तशी मी ती हिसकावून घेतली, तोडली आणि रस्त्यावर फेकली. एक सायकलरिक्षा तिच्यावरून गेली. आई म्हणाली, "शिवशिवा, निघताना काच फोडली." तुम्ही म्हणालात, "झालं? बस आता आत." बहू म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. आपल्या घरात दोन्हीची पद्धत नाही.

कमान ओलांडून हिंदुस्थानात आलो तसे तुम्ही पहिल्याच बूथमध्ये शिरलात आणि पाच मिनिटं बोललात. मी मनाशी म्हणालो, नेसरी.

आठ दिवसांनी यात्रेचं मावंदं. गंगेचा गडू पुजून पैपावण्यांना जेवण. मी सकाळीच यष्टी धरून कोल्हापूर गाठलं आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर दिवसभर बसलो. मामाला तोंड दाखवायचं नव्हतं. संध्याकाळी आलो तेव्हा मांडवाच्या दोऱ्या सोडत होते. धाकटी धावत आली. "दादा, गारगोटीची माणसं आलती. ती बी आलती. अप्पांनीच फोन करून बोलवलंतं." मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तुम्ही पायरीवर हात धूत होता.

"जेवलास?"

"न्हाय."

"भात हाय अजून."

त्यावर आपलं एवढंच बोलणं झालं. मी आत जाऊन जेवलो. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, याच खुर्चीत.

आता तो विषय कुणी काढत नाही. पण गेल्या महिन्यात ती कोल्हापूरच्या स्टँडवर भेटली. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला होता. आधी दुकानाचं विचारलं, आईचं विचारलं. मग म्हणाली, "त्या दिवशी माझ्या वडलांनी दोनदा विचारलं, चिरंजीव कुठं हाईत? तुझे अप्पा म्हणाले, मीच त्याला माल आणायला धाडलंय. वडील वाटंत म्हणाले, मावंद्यादिवशी कोण पोराला मालाला धाडतंय? ह्यांच्या मनात न्हाय, बोलवून मान राखला एवढंच."

तुम्ही मला झाकायला बोललात आणि त्यांनी तो नकार धरला. लाल पोत रस्त्यावर पडल्यावरही तुम्ही गारगोटीलाच फोन केला होता, अप्पा.

तिनं विचारलं, "खरंच धाडलंतं व्हय अप्पांनी?"

'न्हाय' एवढा एकच शब्द बोलायचा होता. बस लागली होती, तिचा नवरा येत होता. हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, तुमच्या जुन्या बिलबुकात घालून ठेवतो. तिला मी म्हणालो, "व्हय. अप्पांनीच धाडलंतं."