पोटावरचं प्रार्थनापुस्तक

मंक्टन, १४ नोव्हेंबर

लाडक्या ओडील,

तुला आणि पोरांना पुष्कळ आशीर्वाद. कॅल्गरीत बर्फ पडला असेल. माझं ठीक आहे. गळ्यातल्या नळीमुळे बोलता येत नाही, पण हात चालतो.

तू माझ्यासाठी तिकडे जागा पाहिलीस, जिथे व्हेंटिलेटर कायमचा लावून ठेवतात. खिडकीतून डोंगर दिसतात म्हणे. असतील छान.

मशीन काढलं की मी धापा टाकते, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की माझा श्वासाचा स्नायूच गेला. काल डॉक्टर मिरेय आली. बरगड्यांखाली गार जेली लावून तिने सोनोग्राफी केली.

"हे तुमचं श्वासपटल, मादाम लेजे. घ्या श्वास."

स्क्रीनवर एक राखाडी पट्टा जाड झाला, पुन्हा बारीक झाला.

"स्नायू तर चांगला आहे. तुम्ही घाबरून खांद्यांनी श्वास ओढता."

मी पाटीवर लिहिलं, "घाबरते माझी मुलगी. मी नाही."

"अस्सं? मग खांदे कानाला का टेकलेत?"

तेव्हा मला सिस्टर क्लोतिल्द आठवल्या. कॉन्व्हेंटात गाण्याच्या तासाला त्या आम्हाला फरशीवर निजवून पोटावर जाड प्रार्थनापुस्तक ठेवायच्या. "पुस्तक उचला पोरींनो, खांदे नव्हे." किती गोड गायचो आम्ही.

डॉक्टरला हे लिहून दाखवलं. आज सकाळी ती इस्पितळाच्या चॅपलमधून तसंच जाड पुस्तक घेऊनच आली. "मशीन काढते आणि स्क्रीनवरच्या पट्ट्यावर नजर ठेवते. तो दमला तर पुन्हा लावेन. तुम्ही घाबरलात म्हणून नाही लावणार."

ओडील, मी पाटीवर खोटं लिहिलं. तू इथे आली होतीस तेव्हा, मी गुंगीत असताना, पलंगाशी म्हणालीस, "आई आता यातून सुटत नाही." मी ऐकलं होतं. मशीन काढलं की तेच ऐकू यायचं आणि खांदे वर जायचे.

तुझ्यावर राग नाही. तू दमली होतीस. पण तुझं ऐकणारही नाही. ती जागा नको म्हणून आजच कळव. नाताळात इकडे ये. कोंबडी-बटाट्याचा आपला फ्रिको मी शिजवीन, बटाटे तू सोल.

पत्राच्या पहिल्या ओळीपासून मशीन बंद आहे. डॉक्टर शेजारी बसून पट्टा बघतेय, अजून मशीनला हात लावलेला नाही. कागद मी पोटावरच्या पुस्तकावरच ठेवलाय, म्हणून अक्षर वरखाली झालंय. सांभाळून वाच.

स्वतःच्या श्वासावर,
तुझी आई