तिसऱ्या टेकडीवरची पोवळी

घाटनांदूर,
नोव्हेंबर १९९८

प्रिय रुद्राणी,

तू गोव्याला परत गेलीस, पण इथे अजून तुझ्या पोवळ्यांच्याच गप्पा चालू आहेत. शाळेत तू बोललीस त्या दिवशी बायका खरं तर तुलाच बघायला आल्या होत्या. महिना महिना बोटीवर राहणारी आपल्या गावची मुलगी दिसते तरी कशी, म्हणून. पोवळं म्हणजे त्यांच्या लेखी गळ्यातला लाल मणी. तो एका जिवाचा सांगाडा असतो हे ऐकल्यावर सारजाबाईंनी आपला मणी चिमटीत धरला, तो तुझं बोलणं संपेपर्यंत सोडला नाही.

मला ओढ लागली ती खोल पाण्यातल्या पोवळ्यांची. उथळ पाण्यातल्यांना त्यांच्या अंगातलं शेवाळ उन्हाच्या जोरावर पोसतं. पाणी तापलं की ते निघून जातं आणि पोवळी पांढरी पडतात. खालची मात्र अंधारात, गार पाण्यात, वरून पडतील ते कण धरून शेकडो वर्षं जगतात. त्यांना थोडी ऊबही सोसेल की नाही, कोण जाणे. मग तू फळ्यावर समुद्राच्या तळाच्या टेकड्या काढल्यास आणि म्हणालीस, ही चकलांबा गाव समजा, ही आपलं घाटनांदूर. एका टेकडीवरच्या पोवळ्यांची पिल्लं दुसरीवर जाऊन वसतात का, हे त्यांच्या जनुकांवरून कळतं. वसत असतील तर उजाड झालेली टेकडी पुन्हा भरेल. नसतील तर गेलं ते कायमचं गेलं. दोन टेकड्यांचं नातं फार लांबचं निघालं, तिसरीचे नमुने जानेवारीत आणायचेत, हे सांगताना तुझा चेहरा काय उजळला होता! दहावीपर्यंत आपण दोघींनीही समुद्र पाहिला नव्हता गं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तू जे बोललीस ते मला पेलवलं नाही. या उन्हाळ्यात लक्षद्वीपला नजर जाईल तिथवर पांढरी पडलेली पोवळी तू पाहिलीस. आपण नुसतं मरणाऱ्यांचं नातं शोधतोय, त्यानं समुद्र थोडाच गार होणार, असं म्हणालीस. बीडच्या कॉलेजात जागा निघालीय, येते झालं, असंही. तेव्हा मी नुसता तुझा हात धरला.

परवा शिवलिंगआप्पा शांताकाकूंना घेऊन घरी आले. कॉलेजची जागा जानेवारीतच भरायची आहे, माझी लेक तुझं ऐकते, ये म्हणून लिही, असं त्यांनी फार मायेनं सांगितलं. मी हो म्हणाले. ते निघाल्यावर शांताकाकू मागे थांबल्या. म्हणाल्या, “माझ्या लेकीला म्हणावं, येऊ नको. कॉलेजात शिकवायला लई जणी मिळतील. त्या खोल पाण्यातल्यांची चौकशी करायला दुसरं कोण हाय?” रुद्राणी, तू बीडला यावंस असं मला किती वाटतं, हे तुला सांगायला नको. तरी तू जानेवारीत बोटीवर चढ. तुला मी काय लिहिलंय, ते मी स्वतःच उद्या आप्पांच्या दुकानात जाऊन त्यांना सांगणार आहे.

अभिमानानं तुझीच,
विजयमाला