पाचव्या थांब्याची कॅसेट

बाबा,

काल आपल्या गावच्या गडावर जाऊन आले. एकटीच गेले होते. घुग्घुसहून दोनदा बस बदलली, गुडघे रस्ताभर कुरकुरत होते, त्यांना म्हटलं गप बसा. पायथ्याशी आता पाटी लागली आहे. बरोबर माहितगार माणूस लागत नाही, मोबाइलच सगळा गड सांगतो. तिकिटाच्या खोपटात बसलेल्या मुलीनं माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं, कानात बोंडं खुपसून दिली आणि म्हणाली, "जा बाई, जिथी आकडा लिवला हाय तिथी थांबा, ते बोलते." पहिल्या दरवाजाशी थांबले तर एक बाई साखरेच्या पाकातल्या आवाजात बोलायला लागली. चांगलं बोलत होती, उगाच नावं कशाला ठेवू? पण पाचव्या थांब्यावर, त्या बुरुजापाशी, ती म्हणाली की हा बुरूज तत्कालीन स्थापत्याचा उत्तम नमुना आहे. एवढंच, आणि पुढे चला. मी तिथेच मोठ्यानं म्हणाले, "डोंबल उत्तम नमुना!" एक जोडपं फोटो काढत होतं, ते घाबरून बाजूला झालं.

हे सगळं तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मी वीस वर्षांची, चंद्रपूरला कॉलेजात, सुट्टीत घरी आलेली. तुम्ही शिकवायचात त्या शाळेला इंग्रजीच्या धड्यांसाठी टेपरेकॉर्डर आला होता आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. रविवारी सिमेंट कारखान्यातली माणसं बायकापोरं घेऊन गड पाहायला यायची आणि तुम्हाला घरून बोलावून न्यायची. एक दिवस तुम्ही जेवताना म्हणालात, "मी एकटा किती जणांपुढे घसा फोडू? मशीनच बोलू दे." मग तुमच्या कमरेचा कातडी पट्टा काढून तुम्ही मशीनला बांधलात, गळ्यात अडकवता यावा म्हणून. आई चुलीपुढून हळूच म्हणाली, "चला, पट्टा कामाले लागला." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्या पट्ट्याचं त्याआधीचं काम आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

माझ्या उजव्या पोटरीवर त्याची खूण अजून आहे. मी सातवीत होते. आई भाताची पेज काढत होती, तिनं मला वाढायला भाजी उचलली आणि मी म्हणाले, "मले नाई पाह्यजे." तुम्ही ताटावरून उठलात. "'मले' नाही, 'मला'! 'नाई' नाही, 'नाही'!" एकेका शब्दाला एकेक तडाखा. छडी लागे छमछम, विद्या येई घमघम, हे तुम्ही वर्गात हसत हसत म्हणायचात, घरात न हसता करून दाखवायचात. मी डोक्यावर दोन्ही हात धरून, कोपरं जुळवून भिंतीशी बसायचे. आईचा हात पेज काढताना एकदाही थांबला नाही. आज हे पत्र मी तुम्ही मारून मारून शिकवलेल्या मराठीतच लिहितेय, चूक सापडणार नाही तुम्हाला.

पण मशीनपुढे तुमचा आवाज किती निराळा होता हो. "आता चाला. मीही तुमच्यासोबत चालतो. पायरी निसरडी आहे, पाय जपून ठेवा." आणि मग पुढच्या थांब्यापर्यंत तुमच्या चपलांचा आवाज, तुमची धाप. अनोळखी माणसांचे पाय तुम्ही जपत होता. आम्हाला कधी म्हणालात का असं? मी मशीन उचलून तुमच्या मागे मागे, उन्हात, श्वास दाबून. तुम्हाला रक्ताच्या गोष्टी भारी आवडायच्या. पहिल्या दरवाजाला हत्तीचं मस्तक फोडणारे खिळे, दुसऱ्याला वरून ओतलेलं उकळतं तेल. तिसऱ्या थांब्यावर तुम्ही तटावर लटकवलेल्या मुंडक्यांचं सांगत होता आणि माझ्या बांगड्या वाजल्या. बोलणं न थांबवता तुम्ही माझ्या थोबाडीत दिली. ती कॅसेटमध्ये उतरली. नंतर एका पाहुण्यानं विचारलं, "मास्तर, तिसऱ्या ठिकाणी ते फटकन काय वाजते? फांदी मोडली काय?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "होय."

पाचव्या थांब्यावर मात्र तुमची पुस्तकी भाषा तुम्हालाच सोडून गेली. ते बोलणं मला पाठ आहे. "इथं थांबा. बुरुजाला हात लावा. हा बुरूज तीनदा ढासळला. मग किल्लेदारानं खालच्या महारवाड्यातून नवरा-बायको धरून आणले. बाई पोटुशी होती. दोघायले बुरुजाच्या पायात जिते उभे केले अन् वरून दगड रचले. तिनं पाणी मांगलं. कोणी नाई देल्लं. ते आमचे होते. आता चाला." कुठल्या पुस्तकात नव्हती ही गोष्ट, मोहल्ल्यातल्या बायकांच्या तोंडी होती. पूर्वी त्या बुरुजाला नारळ ठेवायच्या. दीक्षा घेतल्यावर नारळ बंद झाले, पण येता-जाता त्या दगडाला हात लावणं कोणी सोडलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही हे कॅसेटमध्ये घातलंत तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला. मार खाणाऱ्या लेकीला बापाचा अभिमान वाटू शकतो, काय करायचं?

गावची जमीन ज्यांच्या नावावर, ते मालगुजार स्वतःला त्या किल्लेदाराच्या वंशातले म्हणवायचे. कोणा पाहुण्यानं त्यांच्याकडे जेवता जेवता कॅसेटची तारीफ केली असेल. पुढच्या रविवारी भर दुपारी, गडावर चिटपाखरू नव्हतं, आपण दोघं बुरुजापाशी कॅसेट तपासत होतो आणि मालगुजाराची दोन पोरं वर चढून आली. मोठा म्हणाला, "काय गा मास्तर, आमचा खापरपणजा खुनी होता म्हणते तुयी मशीन? लाव वो पोट्टे, आयकू दे." मी लावली. दोघांनी सगळं ऐकलं. 'ते आमचे होते' आलं तसा मोठा हसला. "तुमचेच होते ना? मंग काऊन रडून राह्यला? पूस हे."

"नाई पुसत," तुम्ही म्हणालात. नाई म्हणालात तुम्ही, बाबा.

धाकट्यानं मशीनचा पट्टा हिसकला, बक्कल सुटलं, मशीन माझ्या पायाशी पडली. मोठा माझ्याकडे वळला. "कसं पुसते, तुले येते ना? मांगं घे अन् दाब." कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचं. त्यांना ते ठाऊक नव्हतं, मला होतं. मी 'बुरुजाला हात लावा' इथपर्यंत मागे घेतली आणि लाल बटण आणि बाजूचं बटण, दोन्ही एकदम दाबली. तेवढ्यात पहिला तडाखा पडला.

बक्कलाच्या बाजूनं मारत होते. तुमचा डावा कान फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. एकानं मान धरून तुमचं तोंड बुरुजावर आपटलं. "लाव हात! लाव ना आपल्या आजीले!" दात पडल्याचं मी पाहिलं. पुन्हा पट्टा, पुन्हा. तुम्ही ओरडलात, "माय वो!" मग खाली बसलात आणि दोन्ही हात डोक्यावर धरलेत, कोपरं जुळवून. मी धरायचे तसेच, अगदी तसेच. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या तोंडून निघालं, "सोडा जी त्यायले, मरतीन ना ते!" दोघं थबकले. मशीनचं बटण खटकन वर आलं, बाजू संपली होती. "पुसलं?" मोठ्यानं विचारलं. मी म्हणाले, पुसलं. पट्टा तुमच्या अंगावर टाकून ते उतरून गेले.

तुम्हाला कसं खाली आणलं ते माझं मला माहीत. घरी आई हळद गरम करत होती आणि तुम्ही फुटक्या ओठांनी म्हणत होता, "सगळं भरलं गेलं असेल त्यात. उद्या ठाण्यात जाऊ. पुरावा हाय. लाव." मी लावली. 'इथं थांबा. बुरुजाला हात लावा.' आणि मग पट्टा. स्वयंपाकघरात पट्टाच पट्टा, त्यांच्या शिव्या, तुमचा हंबरडा. आम्ही तिघं ऐकत होतो. कुठेतरी होला पक्षी घुमत होता, तोही भरला गेला होता. फक्त मी कुठेच नव्हते. तडाख्यामागून तडाखे, आणि तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या तुमच्या लेकीचा आवाज काही येईना. आई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी एकदाची मी ओरडलेली ऐकू आली. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, बराच वेळ. मग बटण दाबून म्हणालात, "यात काही ऐकू येत नाही." शुद्ध मराठीत.

ठाण्यात तुम्ही गेलाच नाहीत. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, मास्तरानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, मालगुजाराला भिऊन गप्प बसला. मी म्हणू दिलं. खरं म्हणजे ती कॅसेट साहेबापुढे लावली असती तर आईनं नजरेनं विचारलं तेच त्यानंही मला विचारलं असतं, एवढा वेळ गप्प का होतीस, आणि तुम्हाला ते नको होतं. हे कळायला मला स्वतःची पोरं मोठी व्हावी लागली. आईनं पट्टा चुलीत घातला, दोन दिवस घरभर कातडं जळल्याचा वास होता, भातालासुद्धा. त्यानंतर सात वर्षं तुम्ही जगलात, एका कानानं. माझ्यावर हात उचलला नाहीत, आणि फारसं बोललातही नाहीत.

काल खाली उतरले ती तणतणतच. त्या खोपटातल्या मुलीला म्हटलं, "पाचव्या ठिकाणी तुमच्या बाईचा घसा बसला काय?" ती चपापली, मग माझं माहेरचं नाव विचारलं. आपल्याच मोहल्ल्यातली निघाली. "बाई, मास्तराची कॅसेट होती म्हणते ना? कुठी हाय?" मी म्हणाले, बुरशी लागून गेली. तिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला. "मंग तुमीच सांगा. मी लावतो ते पाचव्या ठिकाणी, पाहू कोण काढते त." आणि मी सांगितलं, बाबा. मले, तुले, नाई, सगळं आपल्या बोलीत. ते नवरा-बायको, न मिळालेलं पाणी, आणि मग तुमचा पट्टा, कान, दात, मालगुजाराची पोरं. काही सोडलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं, "तुमी तवा काय केलं, बाई?"

मी म्हणाले, "भेली होती."

कॅसेटला बुरशी-बिरशी काही नाही. ट्रंकेत आहे, अजून वाजते. हा कागद घडी घालून तिच्याच डबीत ठेवणार आहे. तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं, तरी एकदा माझ्या हातानं लिहिते. मी भ्याले नव्हते, बाबा. पट्टा तुमच्या पाठीवर पडत होता आणि मला बरं वाटत होतं.