डाव्या गालावरचा तीळ

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सूनबाईचे मत विचारलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलाला. मागची खोली ही माझी डार्करूम. तिची खिडकी मी चाळीस वर्षे काळ्या कागदाने बंद ठेवली होती. आता ती उघडी आहे, उघडीच राहू द्यावी.

२. एन्लार्जर, ट्रे, चिमटे व लाल दिवा ज्याला हवे त्याने न्यावे. कोणी नेणार नाही, हे मला ठाऊक आहे. रिटचिंगची पेन्सिल मात्र समोरच्या शिंप्याला द्यावी. प्रत्येक फोटोला "तेवढी हनुवटी आवरा की हो," म्हणून त्याने माझे डोके खाल्ले. आता त्याची त्याने आवरावी.

३. स्कॅनर सूनबाईने आणला, तो तिचाच. आणला तेव्हा "म्हातारपणी हे कसले खूळ!" म्हणून मी नाक मुरडले होते, आणि मग त्यातच बुडालो. निगेटिव्हमध्ये केस पांढरे, दात काळे, आकाश काळेभोर आणि माणसे आतून दिवा लावल्यासारखी दिसतात. दुपारी घर निजले की मी त्यांच्यात हिंडतो. जुन्या निगेटिव्हच्या काही पट्ट्या चहात बुडवल्या, काही साबणाच्या पाण्यात ठेवल्या. एका लग्नातल्या पाहुण्यांवर डागांचे ढग उतरले आणि सगळे त्यात कमरेपर्यंत बुडून हसत राहिले. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून स्कॅन केल्या, तर माझी गेलेली बायको तळ्याकाठच्या रिकाम्या बाकावर येऊन बसली. चहाची हाक आली की तिथून परत यावे लागते. यायचे जिवावर येते.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक सहाव्या वर्षी तापाने गेली. तिचा एकच फोटो मी काढला होता आणि तो छापायचा राहिला होता. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो छापून, चौकटीत बसवून बहिणीकडे नेला. ती बघतच राहिली.

"दादा, तीळ डाव्या गालावर होता रे. हा चेहरा तिचा नाही."

मी म्हणालो, "फिल्म खोटं बोलत नाही. आई असून तू विसरलीस."

तिने चौकट माझ्या हातात परत दिली. ती मी माझ्याच भिंतीवर टांगली. त्याला एकतीस वर्षे झाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण त्यानंतर माझ्या दारात आली नाही.

गेल्या महिन्यात भाचीची निगेटिव्ह मी भिंतीवरच्या त्या फोटोशी जुळेल अशी धरली आणि तळ्याच्या पट्टीवर ठेवून स्कॅन केली. पोर पाण्यावर उभी राहिली. मी हरखून बघत होतो. मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, कडेचे आकडे बघा ना. तळ्याचे सुलटे आहेत, मग हिचे उलटे का?"

फिल्मच्या कडेला कंपनी आकडे छापते. ते उलटे दिसले की चित्रही उलटे. छापताना फिल्मची मातकट, बिनचकाकीची बाजू कागदाकडे हवी, हे या धंद्यातले पहिले अक्षर. त्या दिवशी माझे लक्ष थाऱ्यावर नव्हते आणि फिल्म पालथी बसली. डावे ते उजवे झाले. नंतर एकदा तपासून बघायला पाच मिनिटे लागली असती, पण माझा ताठा आडवा आला. बहीण बरोबर होती. मी तिला जे बोललो, त्याची मला लाज वाटते.

सबब, ती निगेटिव्ह आणि नव्याने छापलेला सुलटा फोटो माझ्या पश्चात बहिणीला द्यावा.

५. (सहीच्या दिवशी वाढवलेले.) बहिणीला मी साक्षीदार म्हणून बोलावले. दुसरे निमित्त सुचले नाही. ती आली. वकीलबाईंनी कलम चार वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "ज्याला यातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. एक तर घ्या, नाहीतर सही करा."

बहीण म्हणाली, "सही करते. फोटो आत्ता दे, दादा. तू मरायची वाट कोण बघत बसणार?"

दिला. तिने फोटोतल्या गालावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. "पुढं पुढं मलाच वाटायला लागलं होतं, की उजव्याच गालावर असेल," ती म्हणाली.

कलम चारमधील देणे याद्वारे रद्द. कबुली कायम.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३, दुपारी

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा घड्याळजी

साक्षीदार दुसरी: (सही) सख्खी धाकटी बहीण. सहीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, ते वकीलबाईंनी खोडू नये:

"मी विसरले नव्हते."