शिंका आणि सिराजभाईंची साखर

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६
उठल्याबरोबर शिंका. थांबेचनात. पण कारण सापडलं! शेजारच्या सिराजभाईंची पांढरी मांजर, साखर. दिवसभर आमच्या गॅलरीत. आम्रपाली तिला दूध घालते. आणि मला, स्वतःच्या नवऱ्याला, म्हणते, ॲलर्जी असेल, डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जी हे श्रीमंतांचं दुखणं. मी खडकीच्या फॅक्टरीत जन्मभर धूर खाल्लेला माणूस.

७ जानेवारी
सिराजभाईंशी सौम्यपणे बोलायचं ठरवलं. बोललो. आवाज जरा चढला. शिंकत शिंकत सौम्य कसं बोलणार? ते काहीतरी सांगत होते. शेवटी, बघतो म्हणाले. खातूनभाभी आत निघून गेल्या.

१२ जानेवारी, रविवार
साखर गेली. सिराजभाई तिला पिशवीत घालून कोंढव्याला बहिणीकडे सोडून आले. स्कूटर वळेपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं. आम्रपाली जेवली नाही. असो. उद्यापासून मोकळा श्वास!

१३ जानेवारी
शिंका. तिचे केस राहिले असणार. गॅलरी फिनाईलने धुतली.

१६ जानेवारी
केस फारच चिवट. खोलीची दारं लावून गादी काठीने झोडपली. धाप लागली, डोळे सुजले. आम्रपालीने विचारलं, आता कोणाची मांजर घालवणार? सडेतोड उत्तर देणार होतो. शिंक आली.

१८ जानेवारी, शनिवार
ॲलर्जी टेस्ट. डॉक्टर म्हणजे कालची पोरगी. हातावर थेंब टाकून टोचलं. मांजराच्या थेंबाला काही नाही. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाला ही मोठी गांधी उठली! म्हणाली, हे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, गादी-उशीत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खातात. मी सुनावलं, आमचं घर स्वच्छ आहे. म्हणाली, काका, ते सगळ्यांकडेच असतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हीच ॲलर्जी. मशीन बिघडलंय का, विचारलं. यात मशीन नसतंच म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार
साखरेला सन्मानाने परत आणायचं. सिराजभाईंना तसं सांगितलं. त्यांनी चहा दिला. त्यांनाही हीच ॲलर्जी! मांजर यायच्या कितीतरी आधीपासून. रोज गोळी घेतात. आधी का नाही बोललात म्हटलं, तर म्हणाले, तेच तर सांगत होतो त्या दिवशी. मग म्हणाले, साखर दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या घरातून निघून गेली. सापडत नाही. खातूनभाभींनी माझा कप अर्धाच असताना उचलला.

२६ जानेवारी, रविवार
सिराजभाईंच्या स्कूटरवर मागे बसून कोंढवा. मी असल्यावर सापडणारच, असं आम्रपालीला सांगून निघालो. गल्लीगल्लीतून हाका मारल्या, साखर, साखर! एका किराणावाल्याने बाहेर येऊन विचारलं, किती देऊ? सिराजभाई हसले नाहीत.
अर्धा किलो घेतली. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं?
आम्रपाली दारातच उभी होती. पुडी बघितली. मग गॅलरीतली दुधाची वाटी आत नेऊन ठेवली.